गव्हांड्याच्या गाडीची पुनर्बांधणी

गव्हाची मळणी आटोपली की यमुनेच्या दोन्ही तीरांवरील गावांत गव्हांड्याची वाहतूक सुरू होते. पश्चिमेस सोनीपत, झज्जर व रोहतक, पूर्वेस बागपत व मेरठ हे सारे जिल्हे आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात. परंतु तेथील म्हशींना चारा लागतोच. हा चारा आता बहुतांशी ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉल्यांमधून अथवा रेड्याच्या, रबरी चाकांच्या बुग्गीतून येतो. लाकडी चाकांची जुनी गाडी मात्र एखाद्या कडुनिंबाखाली जू टेकवून पडलेली आढळते. अशा काही गाड्या दिल्लीच्या परिसरातील उपाहारगृहांच्या किंवा शेतघरांच्या दारात शोभेसाठी जातात. क्वचित एखादी पुन्हा कामास लावण्याच्या हेतूने सुताराकडे येते.

या दोन कामांत फार अंतर आहे. शोभेच्या गाडीस रंग पुरेसा असतो. त्याखाली कीड लपली तरी कोणाचे बिघडत नाही. कामाच्या गाडीवर दोन पुरुष उंचीचा चारा रचलेला असतो, त्यावर बहुधा एखादा माणूस बसलेला असतो आणि पुढे दोन जिवंत बैल असतात. कालव्याच्या बांधावर चाकाचा एकच आरा निखळला तर सारा भार एका अंगास कलतो. म्हणून पुनर्बांधणीचा आरंभ करवतीने नव्हे, परीक्षेने करावा. चांगल्या लाकडावर लाकडी हातोडीने ठोकले असता टणत्कार उठतो, तर पोखरलेले लाकूड दबका आवाज देते. दाभण सहज आत शिरले, किंवा सांध्यातून पिठासारखी भुकटी गळली, तर तो भाग ठेवण्याचा मोह धरू नये.

या प्रदेशातील गाडीची परंपरा किती जुनी आहे, याचा पुरावा बागपत जिल्ह्यातीलच सिनौली येथे मिळाला. दिल्लीपासून सुमारे ७० किलोमीटरवरील या गावी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने २०१८ मध्ये केलेल्या उत्खननात दफनांसोबत पुरलेली दुचाकी वाहने सापडली. त्यांचा काळ सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. चाके भरीव असून त्यांवर तांब्याचे त्रिकोणी तुकडे जडवलेले होते. लाकूड कुजून गेले होते. मातीत राहिलेला ठसा आणि तांब्याची मांडणी यांवरूनच आकार ठरवावा लागला. ही वाहने अश्वरथ की बैलांच्या गाड्या, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मराठी वाचकास येथे दायमाबादची आठवण होईल. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील त्या गावी १९७४ मध्ये बैलजोडी जुंपलेला काशाचा रथ मिळाला होता.

आजची गाडी सिनौलीच्या गाडीहून निराळी ठरते ती आऱ्यांच्या चाकामुळे. या चाकाचे भाग थोडे आहेत : मध्यभागी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसणारे परिघाचे वक्र तुकडे म्हणजे पाटे, आणि सर्वांभोवती लोखंडी धाव. सामान्यतः प्रत्येक पाट्यात दोन आरे येतात. म्हणजे ६ पाट्यांच्या चाकास १२ आरे. उत्तरेकडे यासाठी बाभूळ व शिसम ही लाकडे वापरतात. बाभळीचे लाकूड चिवट असते, धक्का सोसते आणि सहजासहजी चिरफळत नाही. मात्र ते ताजे वापरणे घातक होय. ओंडके काही काळ तळ्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत अडाणीपणाची नाही. पाण्यामुळे लाकडातील कीटकांचे खाद्य बरेचसे निघून जाते. पुढे सावलीत सावकाश वाळल्यावरच त्यातून तुंबा कातावा.

जुन्या चाकाचा खरा शत्रू ओझे नसून ऋतू आहे. लाकूड वाळताना तंतूंच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही, परंतु आडव्या दिशेने पुष्कळ आकसते. मे-जूनमध्ये दिल्लीकडे लू वाहू लागली की तुंब्याची भोके सैल होतात, पाट्यांची जाडी घटते आणि धाव खुळखुळू लागते. शेतकरी त्यावर चाक रात्रभर पाण्यात ठेवण्याचा उपाय करतात. लाकूड फुगते व दुसऱ्या दिवसाचे काम भागते. पण तोच उपाय वर्षानुवर्षे चालू राहिला तर सांध्यांत पाणी मुरून ते कुजतात. पुनर्बांधणीसाठी येणारी बहुतेक चाके याच ठिकाणी बिघडलेली असतात.

पाटे बसवताना त्यांच्या टोकांमध्ये किंचित फट राखावी लागते. नवशिका सुतार ही फट म्हणजे दोष समजून ती बुजवतो. वस्तुतः धाव आवळताना पाटे आत सरकावेत, आरे तुंब्यात घट्ट दाबले जावेत व शेवटी फट मिटावी, अशी योजना असते. पाटे आधीच एकमेकांना भिडलेले असल्यास सारा दाब त्यांच्या कड्यातच अडकतो आणि आरे सैलच राहतात.

धाव चढवण्यामागे उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा साधा नियम आहे. चाकाचा व्यास दीड मीटर धरला तर परीघ सुमारे ४.७ मीटर होतो. लोखंडाची एक मीटर लांबी तापमानातील प्रत्येक अंश सेल्सिअसमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. धाव ६०० अंशांनी तापवली की तिची लांबी जवळजवळ ३४ मिलिमीटर वाढेल. म्हणून ती चाकाच्या परिघापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर तोकडी घडवली तरी तापल्यावर चढते. गोवऱ्यांचे कडे रचून त्यात ती सर्व बाजूंनी सारखी तापवतात; एका अंगास आच कमी पडली तर धाव तेथे अडते आणि खालचे लाकूड जळू लागते. चार माणसांनी सांडशांनी उचलून, ठोकून बसवून, लगेच पाणी ओतायचे. त्यानंतरच्या मिनिटाभरात सांधे करकरत आवळले जातात. तो आवाज ऐकू आला नाही तर लोहाराचे माप चुकले असे समजावे.

चाके झाली की साटा आणि दांड्या यांकडे वळावे. येथे होणारी चूक डोळ्यांना दिसत नाही. ती बैलांच्या मानेवर पडते. समजा, साट्यासह भार ८०० किलोग्रॅम असून त्याचा गुरुत्वमध्य आसाच्या १० सेंटीमीटर पुढे आहे, आणि आसापासून जू ३ मीटरवर आहे. सपाट रस्त्यावर जुवावर सुमारे २७ किलोग्रॅम भार येईल. चारा उंच रचल्यामुळे गुरुत्वमध्य आसाच्या एक मीटर वर गेला असेल, तर दहास एक अशा उतारावर तो आणखी १० सेंटीमीटर पुढे सरकतो व मानेवरील भार दुप्पट होतो. तेवढ्याच चढावर तो शून्य होतो. चढ याहून तीव्र असेल तर जू वर उचलले जाऊन जोत्याचा पट्टा गळ्याशी आवळतो. कुजलेले टोक कापून दांडी हातभर आखूड करणे, किंवा सोयीसाठी आस मागे सरकवणे, या गोष्टी म्हणूनच क्षुल्लक नव्हेत. जुनी मापे दोरीवर गाठी मारून आधी घेऊन ठेवावीत.

लाकडी चाके काढून रबरी टायर बसवावे काय, हा प्रश्न येथे येतोच. उत्तरेत अशा गाडीस टायरच्या कंपनीवरून ‘डनलप’ असेच नाव पडले. भुसभुशीत शेतात टायर कमी रुतते, डांबरी रस्ता कापत नाही आणि बैलांचे श्रम वाचवते. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा आग्रह दीर्घकाळ धरला, तो जनावरांची ही ओढ हलकी व्हावी यासाठीच. तुंबाच गेलेला असेल तर टायर बसवणे शहाणपणाचे. मात्र धड चाक केवळ हौसेखातर मोडणे उधळेपणाचे होय.

बांधून झालेल्या गाडीच्या आसास एरंडेलाचे वंगण द्यावे, खीळ तपासावी आणि पहिली फेरी अर्ध्या भाराने, सकाळी करावी. ओझ्याच्या जनावरांविषयीचे १९६५चे नियम, जेथे तापमान ३७ अंशांवर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात त्यांना जुंपण्यास मनाई करतात; गव्हांड्याच्या हंगामात दिल्लीच्या परिसरात ही मनाई जवळजवळ रोजच लागू पडते. पहिला उन्हाळा सरल्यावर धाव पुन्हा एकदा ठोकून पाहावी. ती हलत असेल तर लोहाराकडून कापून, तोकडी करून, पावसापूर्वीच चढवून घ्यावी.