संगाई आणि नळ

शाळेमागच्या ओढ्याला जे उंच गवत माजले आहे, त्याला नळ म्हणतात. आजोबा सांगतात, त्यांच्या लहानपणी बोरू तासून अक्षर गिरवीत, तो ह्याचाच. नळ दोन पुरुष उंच वाढतो. मुळाचा तुकडा चिखलात राहिला तरी पुन्हा फुटतो. आमच्या बाबांनी बांधालगतचा नळ दोनदा खणून काढला. पुढच्या पावसाळ्यात परत हजर!

आता संगाई पाहा. हे एक हरीण आहे. ते रानात मोकळे असे फक्त मणिपूर राज्यात, लोकटाक सरोवराजवळच्या केइबुल लामजाओ येथे राहते. नराची शिंगे धनुष्यासारखी वाकलेली असतात. मादीला एका वेळी बहुधा एकच पाडस होते. १९५१ साली लोकांना वाटले, संगाई संपले. पण थोडी उरली होती. १९७५ साली मोजली तर फक्त १४ भरली. आपल्या वर्गात याहून जास्त मुले आहेत. १९७७ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. २०१६ च्या मोजणीत २६० संगाई होती.

तुम्ही म्हणाल, हरीण कुठे आणि गवत कुठे! पण गंमत अशी की संगाई चालते ती जमीन नव्हेच. नळ व दुसरी पाणगवते, त्यांची मुळे, कुजका पाला आणि माती यांचा जाड थर होऊन तो पाण्यावर तरंगतो. तिकडे त्याला फुमदी म्हणतात. तिचा बराचसा भाग पाण्याखाली असतो, वरच्या थोड्या भागावर गवत. संगाई त्यावरच चरते, आणि नळाच्या आड लपते.

पूर्वी कोरड्या दिवसांत पाणी उतरले की फुमदी तळाला टेकायची. मुळांना गाळ मिळायचा, थर जाड व्हायचा. पावसात ती परत वर यायची. १९८३ साली विजेसाठी इथाई येथे बंधारा झाला आणि सरोवर बाराही महिने भरलेले राहू लागले. फुमदी टेकेना. मुळे उपाशी, थर पातळ. पातळ थरावर हरणाचा पाय आत जातो. वीज तर तिथल्या लोकांनाही हवी, म्हणून हे कोडे सोपे नाही.

नळ पुष्कळ देशांत आहे. संगाईला मात्र दुसरे रान नाही, आणि आहे ते ह्या नळागवताच्या मुळांवरच उभे आहे.

हे मी बाबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "आपल्या बांधावर हरीण नाही, मी तर नळ काढणारच."

— इयत्ता ७ वी