कुत्रा घरी येण्यापूर्वी : शेजाऱ्याने बोलावे की गप्प राहावे?

मध्य रेल्वेने कसाऱ्याच्या दिशेने निघाले की कल्याणनंतरचे पहिले स्थानक लागते ते शहाड. उल्हास नदीच्या काठचे हे गाव रेयॉनच्या कारखान्यामुळे आणि बिर्ला मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विठ्ठल मंदिरामुळे सर्वांच्या परिचयाचे झाले. आज तेथे सदनिकांच्या अनेक इमारती उभ्या आहेत. त्यांतील पुष्कळ रहिवासी सकाळी लोकलने मुंबई गाठतात आणि दिवेलागणीनंतर घरी परततात. अशा वसाहतींत अलीकडे एक नाजूक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. शेजारचे कुटुंब कुत्रा आणणार आहे, आणि त्या घरी त्याचे नीट होणार नाही असे आपल्याला स्पष्ट दिसत आहे. अशा वेळी आपण काही बोलावे काय?

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू. पती-पत्नी दोघेही नोकरीसाठी मुंबईस जातात. जाण्यास दीड तास, येण्यास दीड तास आणि मध्ये कचेरीचे आठ-नऊ तास. म्हणजे घर सुमारे बारा तास बंद. मुलगा दहावीत असून शाळा आणि शिकवणी यांतच त्याचा दिवस सरतो. त्याच्या वाढदिवसाला सायबेरियन हस्की जातीचे पिल्लू आणण्याचे ठरले आहे. समोरच्या दारातील काकूंना हे कसे निभावणार याची चिंता वाटते. बोलावे तर दुसऱ्याच्या घरात नाक खुपसल्याचा ठपका येतो. गप्प राहावे तर पुढे दिवसभर त्या पिल्लाचे रडणे ऐकावे लागते.

प्रश्न नवा का आहे?

कुत्रा आपल्या लोकजीवनाला परका नाही. खंडोबाबरोबर आणि दत्तात्रेयाच्या पायाशी त्याला स्थान आहे. ठाणे जिल्ह्यातील पाड्यांवर आजही तो अंगणात वावरतो, घरची भाकर खातो आणि रात्री राखण करतो. तेथे कुत्रा पाळण्यासाठी कोणी फारसा विचार करीत नाही, कारण त्याचे फिरणे, खेळणे, सावली शोधणे हे सारे तो स्वतःच करतो. तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत मात्र त्याची प्रत्येक गरज माणसाच्या हातून भागवावी लागते. तेथील दार त्याला उघडता येत नाही. अंगणातील कुत्र्याचा अनुभव सदनिकेतील कुत्र्याला लागू पडत नाही, हे ध्यानात न आल्यामुळेच अनेक सुजाण कुटुंबेही फसतात.

कायदा कोठे आहे?

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० सालचा आहे. प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, त्याला आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, तसेच उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हे या कायद्याच्या अकराव्या कलमाने गुन्हे ठरविले आहेत. नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हादेखील त्याच कलमाखाली गुन्हा आहे, याची अनेकांना कल्पना नसते. पहिल्या गुन्ह्यासाठी कायद्याने १० ते ५० रुपये दंड ठरविला. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीच्या २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांखालील पिल्लांच्या विक्रीस मनाई केली आहे. याखेरीज अनेक महानगरपालिकांच्या क्षेत्रांत पाळीव कुत्र्याची नोंदणी करावी लागते.

या तरतुदी पाहिल्या म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. हाल होऊ लागल्यावर काय करावे हे कायदा सांगतो. परंतु अमुक घरी कुत्रा जाऊ नये असे आधीच सांगण्याचा अधिकार तो शेजाऱ्याला देत नाही, आणि ते योग्यही आहे. आपल्या घरी काय आणावे हे ठरविण्याचा हक्क ज्याचा त्याला असला पाहिजे. गृहनिर्माण संस्थांनी पाळीव प्राणी ठेवण्यावर सरसकट बंदी घालू नये, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटले आहे. तात्पर्य, पिल्लू येण्यापूर्वीच्या त्या आठ-पंधरा दिवसांत उपयोगी पडेल असा एकच उपाय उरतो, तो म्हणजे ओळखीच्या माणसाचा शब्द.

अयोग्य कोण?

बोलण्यापूर्वी आपला अंदाज तपासून पाहावा. लहान घर, बेताची मिळकत किंवा उतारवय एवढ्यावरून कोणालाही अयोग्य ठरवू नये. एका खोलीत राहणारे निवृत्त गृहस्थ कुत्र्याला दिवसभर सोबत देऊ शकतात. उलट प्रशस्त बंगल्यातील कुत्रा फाटकाशी साखळीला बांधलेला आढळतो. योग्यता ठरते ती वेळ, सोबत, खर्च आणि सातत्य या चार गोष्टींवरून.

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी लघवीला न्यावे लागते. मोठ्या कुत्र्यालाही रोज सकाळ-संध्याकाळ फिरविणे आवश्यक असते, मग पाऊस असो वा परीक्षा. पिल्लाला ठरावीक अंतराने रोगप्रतिबंधक लशी द्याव्या लागतात. साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तिच्या मात्रा चालू ठेवाव्या लागतात. कुत्र्याचे आयुष्य सामान्यतः दहा ते तेरा वर्षांचे असते. आज दहावीत असलेला मुलगा तोवर शिक्षण संपवून नोकरीस लागलेला असेल.

जातीचा विचारही महत्त्वाचा आहे. हस्की हा बर्फाळ प्रदेशात गाडी ओढणारा कुत्रा. त्याच्या अंगावर केसांचा दुहेरी थर असतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. कल्याण परिसरातील मे महिन्यात बंद घरात त्याची काय अवस्था होईल, हे सांगावयास नको. २००३ च्या सुमारास एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीमुळे पग जातीच्या कुत्र्यांना मोठी मागणी आली. परंतु चपट्या नाकामुळे उष्म्यात त्यांना श्वास घेणे कठीण जाते, हे जाहिरातीत दिसत नव्हते.

कसे बोलावे?

निकाल देऊ नये, प्रश्न विचारावेत. “तुम्हाला जमणार नाही” या वाक्याने माणूस दुखावतो आणि हट्टास पेटतो. त्याऐवजी काकूंनी चहाच्या वेळी सहज विचारावे, “वहिनी, दुपारचं त्याला खाली कोण नेणार, ठरलंय का? गणपतीत गावी जाल तेव्हा कुठे ठेवणार?” घरातील सर्वांनी मिळून या प्रश्नांची उत्तरे शोधली, तर निर्णय त्यांचा तेच घेतात. पुष्कळदा अडचण दूर होण्यासारखी असते. आजी गावाहून राहावयास येणार असतील, तर बारा तासांचा प्रश्नच उरत नाही. अशा वेळी आपला अंदाज चुकला हे मोकळेपणाने मान्य करावे.

बोलावे ते एकदाच, एकांतात आणि पैसे देण्यापूर्वी. मुलासमोर किंवा संस्थेच्या सभेत हा विषय काढू नये. शक्य असल्यास पर्यायही सुचवावा. ओळखीच्या कुणाचा कुत्रा आठ दिवस सांभाळून पाहिला, तर पहाटेच्या फेरीपासून डॉक्टरांच्या खर्चापर्यंत सर्व गोष्टींची कल्पना येते. हवेला सरावलेला, लस टोचलेला व निर्बीजीकरण झालेला मोठा देशी कुत्रा दत्तक घेणे पिल्लापेक्षा अनेकदा सोपे जाते. अर्थात दत्तक घेणे हीदेखील कायमची जबाबदारी आहे. भटक्या कुत्र्यांविषयीच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने, दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली आहे.

ऐकले नाही तर?

आपला सल्ला डावलून पिल्लू घरी आलेच, तर सल्ल्याचे काम संपले असे समजावे. “मी म्हटलं होतं ना” हे वाक्य कुत्र्याच्या कोणत्याही उपयोगाचे नसते. दुपारी एकदा किल्ली घेऊन त्याला खाली नेणे, चांगल्या पशुवैद्यकाचे नाव देणे, लशीच्या तारखेची आठवण करणे, अशी लहानशी मदत त्याचे आयुष्य सुसह्य करते. सांभाळणे अशक्यच झाले, तर योग्य घर शोधून देण्यास हातभार लावावा. उपाशी ठेवणे, मारणे किंवा सतत बांधून ठेवणे दिसून आल्यास मात्र भीड न बाळगता प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्थेकडे अथवा पोलीस ठाण्याकडे लेखी तक्रार करावी.

हा प्रश्न केवळ एका घरापुरता नाही. कंटाळून पुलाखाली सोडलेल्या पाळीव कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधणे ठाऊक नसते. तेथील कुत्रे त्याला टिकू देत नाहीत. मादी असेल, तर गर्भधारणेपासून सुमारे ६३ दिवसांत पिल्ले जन्मतात आणि रस्त्यावरची संख्या वाढते. लस चुकलेला कुत्रा चावला, तर रेबीजचा धोका संभवतो. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालय गाठणे आणि तेथे लस घेणे हाच त्यावर इलाज. त्याचा त्रास बहुधा ज्यांनी तो कुत्रा आणला त्यांना होत नाही. तो रस्त्याने जाणाऱ्या शाळकरी मुलाच्या वाट्यास येतो.

म्हणून काकूंनी बोलावे. कोणाच्या अध्यात ना मध्यात राहण्याचा स्वभाव एरवी चांगला. परंतु येथे ज्याचे भवितव्य ठरत आहे, त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. चार प्रश्न आपुलकीने विचारल्याने थोडा वाईटपणा आलाच, तर तो काही दिवसांत विसरला जाईल. पिल्लाला मात्र त्या घरात दहा-बारा वर्षे काढावयाची आहेत.