शर्यतीच्या मोटारीला शिशाचे ओझे

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून तुम्हांला थोडे नवल वाटेल. शर्यत म्हटली की गाडी जितकी हलकी तितकी बरी, हे शेंबडे पोरही सांगेल. मग पैसे खर्चून घेतलेल्या वेगवान मोटारीत मुद्दाम शिशाचे ठोकळे बसवून ती जड का करतात? हे वेड आहे, की त्यात काही विचार आहे?

मागे एकदा मी वर्गात हा विषय सांगत होतो. तेव्हा मुरबाडकडून येणारा एक विद्यार्थी उभा राहिला. म्हणाला, "सर, जो जिंकतो त्याच्याच मानेवर ओझे, हा कुठला न्याय?" प्रश्न साधा होता, पण मला घंटा होईपर्यंत त्याचे नीट उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

मुद्दाम वजन वाढवण्याची युक्ती तुम्हां शेतकरी मंडळींना नवी नाही. भातलावणीच्या वेळी चिखल सारखा करण्यासाठी बैलांमागे फळी जोडतात. नुसती फळी वरवर सरकते, म्हणून माणूस तिच्यावर उभा राहतो. त्याचे वजन हे तिथे कामाचे वजन असते. रिकामे जहाजही समुद्रात डोलू नये म्हणून तळाशी पाणी भरून घेते. अशा मुद्दाम घेतलेल्या वजनाला आपण भरवजन म्हणू.

आता मोटारीकडे वळू. समजा, दोन हौशी गड्यांच्या दोन मोटारी आहेत. पहिलीचे इंजिन ९० अश्वशक्तीचे आणि चालकासह वजन ८१० किलो. दुसरीचे इंजिन ७५ अश्वशक्तीचे आणि वजन ७५० किलो. पहिलीत प्रत्येक अश्वशक्तीच्या वाट्याला ९ किलो ओझे येते, दुसरीत १० किलो. साहजिकच पहिली पुढे पळते. तिच्यात ९० किलो भरवजन घातले, की तिचे वजन ९०० किलो होते आणि तिच्याही प्रत्येक अश्वशक्तीला १० किलो ओझे येते. आता दोघी जवळजवळ बरोबरीच्या झाल्या. पुढे कोण जाईल, हे चालकाचा हात आणि डोके ठरवील.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे शाळेत करून दाखवता येते. अर्धा अर्धा किलो वजनाच्या दोन सारख्या खेळण्यातल्या गाड्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींना दोरा बांधून तो टेबलाच्या कडेवरून खाली सोडा. एका दोऱ्याला १०० ग्रॅमचे वजन लटकवा, दुसऱ्याला १५० ग्रॅमचे. ही झाली त्यांची इंजिने. एकदम सोडल्या, की १५० ग्रॅमवाली जिंकेल. मग तिच्यावर पाव किलोचे माप ठेवा आणि पुन्हा सोडा. दोघी बरोबरीने कडेला येतील. ओढ दीडपट होती, आता गाडीचे वजनही दीडपट झाले. न्यूटनसाहेबांचा दुसरा नियम मुले मग विसरणार नाहीत.

पण खऱ्या रस्त्यावर हिशेब इतका सरळ नसतो. लांब, सपाट रस्त्यावर गाडी भरधाव निघाली, की तिला अडवते ती मुख्यतः हवा, आणि हवेचा अडथळा गाडीच्या वजनावर ठरत नाही, आकारावर आणि वेगावर ठरतो. म्हणून तिथे भरवजनाचा काच कमी. वजन जाणवते ते वेग घेताना, ब्रेक लावताना, वळणावर आणि चढणीवर. माळशेज किंवा कसारा घाटात भरलेला ट्रक चालवणाऱ्याला हे सांगायला नको. दुप्पट वजनाची गाडी त्याच वेगावरून थांबवायची तर ब्रेकला दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. म्हणजे वळणावळणाच्या मार्गावर भरवजन जास्त बोलते आणि सरळ मार्गावर कमी. नियम करणाऱ्या पंचांना हे ध्यानात ठेवावे लागते.

भरवजनाला शिसेच का वापरतात? जागेसाठी. ९० किलो शिसे सुमारे आठ लिटर जागेत मावते. तेवढ्याच वजनाच्या लोखंडाला अकरा-साडेअकरा लिटर जागा लागते, आणि कोरडी वाळू घ्याल तर पन्नास लिटरच्या वर. टंगस्टन शिशाहूनही पुष्कळ जड, पण महाग. हे वजन गाडीच्या तळाशी, शक्य तितके खाली बसवतात. वर ठेवले तर वळणावर गाडी कलंडू पाहते. पुढेमागेही तोल सांभाळावा लागतो. बैलगाडीत मागे जास्त भरले की गाडी उलाळ होते आणि पुढे जास्त भरले की सारा भार बैलांच्या मानेवर येतो, तसेच हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वजन बोल्टांनी घट्ट आवळलेले असावे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी आदळून एका मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या सुमारे चौदा पट हिसका बसतो. वीस किलोचा सुटा ठोकळा त्या क्षणी २८० किलोच्या जोराने चालकाच्या पाठीवर येईल. जीपमध्ये किंवा टेंपोत माणसांच्या मागे सुटा जॅक आणि लोखंडी सामान टाकून निघणाऱ्यांनीही हा आकडा लक्षात ठेवावा.

ही कल्पना मोटारींच्या आधीची आहे. इंग्लंडात अॅस्कॉटच्या मैदानावर १७९१ साली घोड्यांची अशी मोठी शर्यत झाली. तीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन आणि बेताच्या घोड्यावर कमी, अशी वाटणी केली होती. आपल्या मुंबईत महालक्ष्मीचे मैदान १८८३ सालचे. तिथेही अशा वजनवाटणीच्या शर्यती होतात. स्वार हलका असेल तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालतात, आणि शर्यतीच्या आधी व नंतर स्वाराला खोगिरासह तराजूवर बसावे लागते.

मोटारींत दोन तऱ्हा आहेत. पहिली तऱ्हा म्हणजे सर्वांना एकच किमान वजन. लहान कार्ट गाड्यांच्या शर्यतीत चालकासह वजन करतात, आणि कमी भरल्यास बैठकीला शिसे लावावे लागते. गाडी लहान, त्यामुळे पन्नास किलोचा मुलगा आणि ऐंशी किलोचा मुलगा यांत फार अंतर पडते. फॉर्म्युला वन या जगातल्या मोठ्या शर्यतीत उंच चालक वजन घटवण्यासाठी उपाशी राहू लागले होते. तेव्हा २०१९ साली चालक आणि त्याची बैठक मिळून किमान ८० किलो भरले पाहिजेत, असा नियम झाला. कमी पडेल ते वजन बैठकीजवळच घालायचे. उपाशी राहण्यात काही लाभच उरला नाही. एका शिशाच्या ठोकळ्याने माणसांना पोटभर जेवू घातले, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे जिंकणाऱ्यावर ओझे. ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतींत पुढच्या क्रमांकाच्या गाड्यांवर वजन चढवीत. २०२२ पासून ते बंद करून दुसरा उपाय आणला. जपानच्या सुपर जीटी शर्यतींतही मिळवलेल्या गुणांप्रमाणे वजन चढवण्याची पद्धत रुजली. शर्यत रंगते खरी, पण या तऱ्हेत एक खोट आहे. पुढच्या वेळी ओझे नको म्हणून एखादा चालक मुद्दाम हातचे राखून चालवतो. पंचांना मग शर्यतीबरोबर माणसांचे मनही ओळखावे लागते.

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. न्याय आहे का? माझे उत्तर असे : आपण कशाची परीक्षा घेतो आहोत, ते आधी ठरवा. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर १९५०च्या दशकापासून शर्यती होत. हौशी मंडळी घरच्याच मोटारी दुरुस्त करून तिथे उतरत. अशा ठिकाणी ज्याची थैली मोठी त्याचे इंजिन मोठे. भरवजन नसेल तर थैलीच जिंकते आणि दोन वर्षांत बाकीचे घरी बसतात. गाडीगाडीतला फरक वजनाने मिटवणे म्हणजे जत्रेतल्या कुस्तीला पंचांनी जोड पाहून लावण्यासारखे आहे. तो न्यायच. पण गाड्या सारख्या झाल्यावर केवळ चालक चांगला म्हणून त्याच्यावर ओझे टाकले, तर ती गुणाला शिक्षा होते. तिथे मी माझ्या विद्यार्थ्याच्या बाजूचा आहे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. आपल्या तालुक्यांत बैलांच्या शर्यतींचा नाद मोठा. म्हशाच्या यात्रेत चांगला खोंड पाहिला की पावले थबकतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या होत्या. राज्याने कायद्यात केलेली दुरुस्ती न्यायालयाने मे २०२३ मध्ये ग्राह्य धरली, ती जनावरांचा छळ टाळण्याच्या अटींवर. मोटारीचे ऐकून कोणी म्हणेल, जोरदार बैलाच्या छकड्यात दगड घालू. तसे करू नका. मोटारीचे ओझे लोखंड वाहते, तिला धाप लागत नाही. बैलांची बरोबरी करायची रीत तुमच्यापाशी आधीपासून आहेच : दात पाहून आदत, दुसा, चौसा असे गट पाडायचे आणि सारख्याला सारखा लावायचा. शिशाचा ठोकळा जे काम करतो तेच हे, आणि कोणाच्या खांद्यावर वळ न उठवता.

शाळेच्या मैदानावरही हेच पाहावे. धावायला मुले उभी करताना वय पाहा, अंगलट पाहा, मगच शिट्टी वाजवा. आपण हरणारच हे ज्याला आधीच ठाऊक असते, ते मूल धावत नाही, नुसते पळाल्यासारखे करते. बरोबरीची जोड मिळाली, की तेच मूल जीव तोडून धावते.