आगोटीची बेगमी : घर साऱ्यांच्या ओळखीचे हवे

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला होती. ईदची लगबग आटोपून चिपळूणकर झोपी गेले आणि २२ जुलैच्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी शहरात शिरले. बघता बघता बाजारपेठेतील तळमजले बुडाले. त्याच पावसात महाड शहराला सावित्रीच्या पुराने वेढले आणि महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. वीज गेली, मोबाइल बंद पडले, एटीएम चालेनात. बचाव पथके निघाली होती, पण रस्तेच पाण्याखाली असल्याने त्यांना पोहोचायला वेळ लागला.

मदत येईपर्यंतचा हा वेळ प्रत्येक घराला स्वतःच्या बळावर काढावा लागतो. तो कधी एक तासाचा असतो, कधी तीन दिवसांचा. अशा वेळी घरात काय काय आहे, याला महत्त्व आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न असतो तो हा, की ते कुठे आहे आणि कसे वापरायचे हे घरातल्या किती जणांना माहीत आहे?

आपल्या कोकणातील कितीतरी घरांमध्ये कमावता पुरुष कुवेत, दुबई, कतार येथे किंवा जहाजावर असतो. घरी दादी-दादा, मुलांची आई आणि शाळकरी मुले. कागदपत्रांची फाइल कोणत्या कपाटात, मेन स्विच कोणता, विम्याची पावती कुठे, हे ज्याला ठाऊक तो हजारो किलोमीटर दूर आणि फोन लागत नाही. असे घर भरलेले असूनही संकटात रिकामेच ठरते. म्हणून यंदा पावसाळ्यापूर्वी सामानाची यादी करण्याआधी घराची ओळख घरातल्या सगळ्यांना करून द्यावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

तयारी म्हणजे तवक्कुलची उणीव नव्हे

“अल्लाह मालिक आहे, जे व्हायचे ते होईल,” असे म्हणून तयारी टाळणारे लोक आपल्याला भेटतात. पण उंट बांधावा की मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवावा, असे विचारणाऱ्याला पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हजरत यूसुफ (अ.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांतच दुष्काळाची सोय करून ठेवली आणि धान्य टिकावे म्हणून ते कणसातच ठेवण्याचा सल्ला दिला. झोपण्यापूर्वी दिवे विझवावेत, भांडी झाकावीत, दारे लावावीत, ही शिकवणही हदीसमध्ये आहे. उंदराने दिव्याची वात ओढून नेली तर घर पेटेल, इतका बारीक विचार त्यामागे आहे.

मात्र बेगमी आणि साठेबाजी यांत फरक आहे. आपल्या कुटुंबाच्या गरजेपुरते धान्य राखून ठेवणे योग्यच. पैगंबरांनी (स.) आपल्या घरच्यांसाठी वर्षाची तरतूद केल्याचे हदीसमध्ये आले आहे. पण टंचाईच्या काळात भाव चढावा म्हणून माल दाबून ठेवणे हा गुन्हा मानला गेला आहे. वादळाची बातमी ऐकताच दुकानातले सगळे दूध आणि मेणबत्त्या उचलून आणणाराही शेजाऱ्याच्या वाट्याचे नेतो. जो हंगामाआधी थोडे थोडे जमवतो, त्याच्यावर ही वेळ येत नाही.

आपल्या आजी-नानीला हे कुणी शिकवावे लागले नव्हते. आगोट जवळ आली की सुकट, सोडे, सुके बोंबील, आमसुले, मसाला, पापड, तांदूळ आणि लाकूडफाटा घरात येऊन पडायचा. चार महिने बाहेरचा रस्ता बंद राहणार, हे धरूनच घर चालत असे. ती बेगमी अन्नाची होती. आज घरात सिलिंडर, इन्व्हर्टर, फ्रीज, मोबाइल आणि कागदांच्या फायली आल्या आहेत. त्यांचीही आगोट करायला हवी.

वीज आणि गॅस

घरातील दहा वर्षांवरील प्रत्येकाला मेन स्विच दाखवून ठेवा. पाणी भिंतीवरच्या बोर्डांपर्यंत पोहोचण्याआधी तो बंद करायचा असतो. मात्र पाण्यात उभे राहून किंवा ओल्या हाताने स्विचला हात लावू नये. इन्व्हर्टर असेल तर नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही. बाहेरची वीज गेली तरी बॅटरीचा प्रवाह घरात फिरत राहतो, म्हणून इन्व्हर्टरही बंद करावा. पूर ओसरल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय वीज चालू करू नये.

गॅस सिलिंडरची एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर भरलेला असला तरी पाण्यावर तरंगतो. तरंगताना नळी उपसली जाते आणि गॅस सुटू शकतो. पाणी वाढू लागताच रेग्युलेटर बंद करून काढावा, सिलिंडरला सुरक्षा टोपी लावावी आणि तो उभाच दोरीने पक्का बांधावा किंवा वरच्या मजल्यावर न्यावा.

गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करायचे नाही, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांना बाहेर काढावे आणि बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर कळवावे.

रमजानमध्ये इफ्तारीचे तळण घाईत चालते आणि कढईतले तेल पेटण्याचे प्रसंग तेव्हाच येतात. पेटलेल्या तेलावर पाणी टाकले तर भडका उडतो. गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवावे आणि तेल गार होईपर्यंत ते उचलू नये. कुणाला भाजले तर तो भाग साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. हळद, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये. भाजलेला भाग मोठा असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

पाणी

पुरात सगळीकडे पाणी असते आणि प्यायला थेंब नसतो. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज ४ लिटर धरले, तर पाच जणांच्या घराला तीन दिवसांसाठी ६० लिटर लागतात. वीस लिटरचे झाकणाचे तीन कॅन उंचावर ठेवले की काम झाले. पावसाळ्यात दर आठवड्याला ते धुऊन पुन्हा भरावेत.

पैगंबर (स.) एका मुदने, म्हणजे पाऊण लिटरहूनही कमी पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये येते. नळ सोडून वजू करण्याची सवय लागलेल्या मुलांना एरवीच तांब्याभर पाण्यात वजू करायला शिकवले, तर टंचाईच्या दिवशी ते अवघड वाटणार नाही. पिण्यापुरतेच पाणी उरले असेल तर तयम्मुमची सवलत आहेच.

पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीचे पाणी टीसीएल पावडर टाकून शुद्ध केल्याशिवाय वापरू नये. गढूळ पाणी निवळू द्यावे, चौपदरी फडक्यातून गाळावे आणि खळखळ उकळावे. जुलाब सुरू झाले आणि ओआरएसची पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा घ्यावा आणि उरलेले पाणी २४ तासांनी टाकून द्यावे. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर ताप आला तर तो अंगावर काढू नये. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो. पाण्यात उतरलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

औषधे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत छपरे उडाली आणि अनेक गावांत वीज परत यायला काही आठवडे लागले. ज्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे, तिथे फ्रीज बंद म्हणजे इन्सुलिनचा प्रश्न. वापरात असलेले बहुतेक इन्सुलिन ३० अंशांखालच्या तापमानात साधारण चार आठवडे टिकते. पुडी पाणी न लागेल अशा डबीत घालून ती ओलसर मडक्यात, सावलीत ठेवली की गारवा राहतो. आपल्या औषधाला हे लागू आहे का, ते डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्यावे.

रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट यांची औषधे संपण्याच्या दिवशी आणण्याऐवजी पावसाळ्यात पंधरा दिवसांची शिल्लक ठेवावी. औषधांची नावे आणि वेळा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहाव्यात, म्हणजे दादीला औषध देण्याचे काम नातवालाही जमेल. घरात बाळंतपण जवळ आले असेल आणि वाटेत ओढा किंवा घाट असेल, तर तारखेच्या काही दिवस आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे जाणे शहाणपणाचे. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटात ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत.

कागद आणि पैसे

चिखलातून भांडी धुऊन घेता येतात, निकाहनामा धुता येत नाही. निकाहनामा, पासपोर्ट, जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्ड, सातबारा, घरपट्टीची पावती, बँकेचे पासबुक आणि विम्याचे कागद एकाच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून ठेवावेत. पिशवीची जागा कपाटाच्या खालच्या कप्प्यात नको. ती एका हाताने उचलून निघता येईल अशी असावी. सगळ्या कागदांचे फोटो काढून परदेशातल्या माणसाकडे पाठवून ठेवावेत. इथला फोन बुडाला तरी तिथली प्रत राहते. आधार आणि वाहन परवान्यासारखे दाखले डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात.

नुकसान झालेच, तर घर साफ करण्याच्या आधी प्रत्येक खोलीचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढावेत. तलाठ्याच्या पंचनाम्यावर सरकारी मदत ठरते. घरात पुरुष नाही म्हणून पंचनामा मागे ठेवू नये. घरच्या बाईने पुढे होऊन माहिती द्यावी. तिचे स्वतःचे चालू बँक खाते असणे इथे कामाला येते.

वीज आणि नेटवर्क गेले की एटीएमही बंद आणि मोबाइलवरून पैसे देणेही बंद. दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटांमध्ये आठवडाभराचा खर्च त्याच पिशवीत असू द्यावा.

निरोप कुणाकडे

संकटात घरातले सगळे एकाच जागी असतील असे नाही. मुलगा कॉलेजात, मुलगी शाळेत, आई बाजारात. तेव्हा गावातल्या गावात फोन लागत नाहीत. अशा वेळी बाहेरचा एक माणूस आधीच ठरवून ठेवावा. परदेशात असलेले अब्बा किंवा मामू हे काम उत्तम करू शकतात. ज्याला जिथे नेटवर्क मिळेल, त्याने त्यांना एवढेच कळवावे : मी अमुक ठिकाणी आहे, सुखरूप आहे. ते पुढच्याला सांगतील. दूर असलेल्या माणसाला आपण काही करू शकत नाही ही बोच असते, तीही यामुळे कमी होते. दोन नंबर मुलांकडून पाठ करून घ्यावेत, कारण फोन बंद पडला की त्यातले नंबरही जातात. एकत्र भेटायची जागाही ठरवावी. उंचावरची शाळा, मशीद किंवा पाहुण्यांचे घर, जे सगळ्यांना पायी गाठता येईल असे.

शेजाऱ्याचा हक्क

रस्सा करताना पाणी वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवावी, ही शिकवण आपल्या घरांत आजही पाळली जाते. तयारीतही ती पाळायला हवी. आपल्या आळीत एकटी राहणारी म्हातारी कोण, अंथरुणाला खिळलेले कोण, तान्हे मूल कुणाच्या घरी, हे आपल्याला ठाऊक असावे. तो शेजारी कोणत्या धर्माचा, हा प्रश्नच नाही. पाणी चढू लागल्यावर कोणत्या घरातून कुणाला उचलायचे, हे तरुणांनी आधी वाटून घेतले तर धावाधाव वाचते. जमातीच्या सभेत पाऊस सुरू होण्याआधी या विषयाला दहा मिनिटे द्यायला हरकत नाही.

एका रात्रीची तालीम

हे सगळे वाचून बाजूला ठेवले तर उपयोग नाही. एखाद्या रविवारी इशाच्या नमाजनंतर, न सांगता घराचा मेन स्विच बंद करा आणि अर्धा तास पाहा. बॅटरी कुणाला सापडते? तिच्यात सेल आहेत का? पिशवी कोण आणतो? दादीचा हात कोण धरतो? गॅसचा रेग्युलेटर बारा वर्षांच्या मुलाला काढता येतो का? जिथे अडले, ती तुमची आगोटीची यादी. अब्बा सुट्टीवर आले असतील तर त्यांनी या वेळी एका बाजूला बसून नुसते पाहावे आणि एकही गोष्ट स्वतः करू नये. ते परत गेल्यावर जे घर राहणार आहे, ते त्यांना त्या अर्ध्या तासात दिसेल.

अल्लाह प्रत्येक घराला संकटापासून सुरक्षित ठेवो, आणि संकट आलेच तर आपल्या हातांना शेजाऱ्याच्याही उपयोगी पडण्याची ताकद देवो. आमीन.