वार्धक्यातील मांसक्षय : औषधाआधी ताट पाहावे

“अशक्तपणा आहे, शक्तीचे काही द्या,” ही मागणी चिकित्सालयात आणि औषधविक्रेत्याच्या दुकानात सारखीच ऐकू येते. बहुधा अश्वगंधा चूर्ण किंवा च्यवनप्राश दिला जातो व विषय तेथेच मिटतो. साठीपुढील रुग्णाच्या बाबतीत तो इतक्यात मिटू नये, असे आम्हांस वाटते.

सुश्रुताचार्यांनी मांसक्षयाच्या लक्षणांत नितंब, गाल, मांड्या, छाती, पोटऱ्या व मान यांची शुष्कता आणि अंगाची गळाठ सांगितली आहे. आधुनिक वैद्यकातील ‘सार्कोपेनिया’ ही संज्ञा अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये मांडली. दोहोंची व्याप्ती तंतोतंत एक नव्हे. पोटरीपाशी मात्र दोघांची गाठ पडते. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली पोटरीचा घेर पुरुषांत ३४ व स्त्रियांत ३३ सें.मी.हून कमी असल्यास संशय घ्यावा, असे सुचविले. याला शिंप्याची टेप पुरते. पायांवर सूज असेल तर हे माप फसवे ठरते. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास १२ सेकंद वा अधिक लागणे, हीही धोक्याचीच खूण.

यानंतर ताटाची चौकशी करावी. सकाळी चहा-खारी, दुपारी मऊ भात व पातळ वरण, रात्री अर्धी भाकरी : ढोबळ हिशेबाने यातून पंचवीस ग्रॅम प्रथिनेही मिळत नाहीत. वृद्धांस दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, असे तज्ज्ञ सांगतात; म्हणजे ५० किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. “म्हातारपणी हलके खावे” हा घरोघरचा उपदेश येथे घात करतो. लघु आहार म्हणजे अल्प आहार नव्हे! मूग लघु आहे, आणि घट्ट वरणाच्या रूपाने तो पोटभर खाता येतो.

अग्नी पाहून प्रथम दीपन-पाचन, मग मूग, दूध, ताक. चालत असल्यास अंडे, मांसरस. उडीद गुरू असल्याने अग्नी सुधारल्यावरच द्यावा. जोडीला अर्धशक्ती व्यायाम हवाच. केवळ खाण्याने मांसधातू भरून येत नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने परस्पर वाढवू नयेत. वजन झपाट्याने उतरत असेल तर मधुमेह, क्षयरोग व अर्बुद यांची तपासणी आधी करावी.

रसायनाचे स्थान यानंतरचे. औषधविक्रेत्या बंधूंनी डबा हाती देण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : साखरेचा विकार आहे काय, आणि दात आहेत काय? कवळी सैल झाल्यामुळे डाळ-उसळ सोडलेले कितीतरी वृद्ध आम्ही पाहिले आहेत. त्यांना आधी दंतवैद्याकडे धाडावे लागले.