लांब सायकल फेरीला निघताय? आधी हे वाचा

मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या पोरापोरींनी नागपूर ते वर्धा सायकल फेरी काढली. अंतर सुमारे ७५ किलोमीटर. सिकलसेलच्या लहान पेशंटना दवाखान्यात ने-आण करायला गाडीभाडं लागतं, त्यासाठी मदत गोळा करायची होती. कुणी किलोमीटरमागे एक रुपया बोललं, कुणी पाच. निघालेल्यांपैकी बहुतेकांनी कॉलेज आणि काम यापलीकडे कधी सायकल चालवली नव्हती.

केळझरच्या पुढे एक मुलगी उतरली आणि रस्त्याच्या कडेला बसली. चक्कर, ओठ कोरडे, पायात जोर नाही. पाण्याची बाटली मात्र भरलेलीच. विचारलं तर म्हणाली, "ताई, रस्त्यात लघवीले कुठी जाऊ? म्हणून पाणीच नाही प्याली." तिचा सिकलसेलचा रिपोर्ट एएस होता. निघण्याआधी आम्ही तो कुणालाच विचारला नव्हता. चूक तिची नाही, आमची. तिला सावलीत बसवलं, साखर-मिठाचं पाणी पाजलं, टेम्पोतून दवाखान्यात नेऊन तपासून घेतलं. ती बरी झाली. यंदाची तयारी सुरू आहे, म्हणून हे लिहितो आहोत.

आधी तपासणी

विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. पहिल्या चाचणीत दोष दिसला, तर एएस की एसएस हे कळायला दुसरी चाचणी करावीच लागते.

एएस म्हणजे वाहक. वाहक आजारी नसतो, सायकल खुशाल चालवू शकतो. पण शरीरात पाणी कमी, ऊन जास्त आणि दम लागेपर्यंत जोर, हे तिन्ही एकत्र आलं तर क्वचित त्यालाही गंभीर त्रास होतो. एसएस असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय निघू नये. थंडी आणि थकव्यानेही त्यांचं दुखणं उसळतं. ज्यांना फेरीत जाता येणार नाही त्यांनी पाणी, नोंदी, हिशोब सांभाळावा. ते कामही तितकंच मोठं आहे. मुलींनी रक्तातलं हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं.

सराव

निदान आठ आठवडे आधी सुरुवात करा. आठवड्यातून तीन दिवस, पहिल्यांदा १० किलोमीटर. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. फेरीच्या दोन आठवडे आधी एकदा ५० किलोमीटर झाले पाहिजेत. शेवटच्या आठवड्यात सराव कमी करा. शर्यत लावू नका. शेजारच्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवा.

सायकल

साधी सायकलही चालते, पण ब्रेक, हवा आणि चेन दुकानात दाखवून घ्या. सीटवर बसून पायडल खाली नेल्यावर टाच टेकली पाहिजे आणि पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली असली की गुडघे दुखतात. मागून आणलेल्या सायकलीवर एकदम फेरीला जाऊ नका, आधी सराव करा. जाड शिवणीचे कपडे मांड्यांना घासतात. तिथे व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. हेल्मेट घाला, एका रांगेत चाला.

पाणी आणि खाणं

तहान लागायची वाट पाहू नका. दर १५-२० मिनिटांनी चार घोट, म्हणजे तासाला साधारण अर्धा लिटर. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट भरलेले सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. निघण्याआधी पोळी किंवा भाकरी खा. वाटेत केळी, गूळ-फुटाणे, खजूर. उपाशीपोटी कुणी निघू नये.

आणि मुलींच्या लघवीची सोय ठरल्याशिवाय फेरीची तारीख ठरवू नका. यंदा आम्ही बुटीबोरी, केळझर, सेलू इथे थांबे ठरवतो आहोत, प्रत्येक ठिकाणी बाईमाणूस सोबत असेल.

कधी थांबायचं

पोटरीत गोळा आला तर स्नायू दगडासारखा घट्ट लागतो. पाय ताणल्यावर, पाणी प्याल्यावर तो सुटतो. पण पाय घट्ट न होता लुळे पडत असतील, छातीत दुखत असेल, दम बसत नसेल, कुणी असंबद्ध बोलत असेल किंवा लघवी चहासारखी काळपट होत असेल, तर तिथेच थांबा आणि १०८ ला फोन करा. पोचल्यावर पहिली गोष्ट सांगा: पेशंटचा सिकलसेल रिपोर्ट काय आहे.

मागच्या वेळी बसलेली ती मुलगी यंदा पुन्हा सराव करते आहे. परवा १५ किलोमीटर करून आली आणि रिकामी बाटली आमच्यापुढे धरली.