आभासी मोबाइल साधन आणि सॉफ्टवेअर चाचणी : महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या संदर्भात

प्रस्तावना :
मोबाइल ॲपच्या परिपूर्ण चाचणीसाठी विविध प्रकारचे फोन हाताशी असावे लागतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ते क्वचितच उपलब्ध असतात. परिणामी, ॲप विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फोनवर चालले की प्रकल्प पूर्ण झाला असे मानले जाते. ही उणीव अँड्रॉइडच्या आभासी साधनाने बऱ्याच अंशी भरून निघते. त्याची उभारणी, उपयोग व मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उभारणी :
अँड्रॉइड स्टुडिओतील 'डिव्हाइस मॅनेजर'मधून साधन निर्माण करताना दोन प्रमुख निवडी कराव्या लागतात. पहिली, पडद्याचा आकार इत्यादी ठरविणारी हार्डवेअर प्रोफाइल. दुसरी, अँड्रॉइडची विशिष्ट आवृत्ती असलेली सिस्टिम इमेज. इंटेल वा एएमडी प्रोसेसर असल्यास एक्स86 प्रकारची इमेज घ्यावी. संगणकाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू असणेही आवश्यक आहे; अन्यथा साधन अत्यंत संथ चालते किंवा सुरूच होत नाही. प्रयोगशाळेतील बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच शोधावे. संगणकास 16 जीबी रॅम असणे इष्ट होय.

चाचणी :
अँड्रॉइड 13 (2022) पासून सूचना दाखविण्यासाठी ॲपला वापरकर्त्याची परवानगी घ्यावी लागते. म्हणून आवृत्ती 12 व 13 अशी दोन साधने उभारून एकच ॲप दोन्हींवर चालवावे. परवानगी नाकारल्यावर काय होते तेही पाहावे. कमी बॅटरी, येणारा कॉल, बदललेले स्थान अशा परिस्थिती कृत्रिमरीत्या निर्माण करता येतात. त्याच संगणकावरील सर्व्हरशी जोडणी करताना मात्र 'लोकलहोस्ट'ऐवजी 10.0.2.2 हा पत्ता द्यावा, कारण साधनाच्या दृष्टीने लोकलहोस्ट म्हणजे ते स्वतःच. भाषा मराठी व अक्षरे मोठी करून पाहिल्यास मात्रा, वेलांट्या कापल्या जाणारे रकानेही उघडकीस येतात.

मर्यादा :
प्रत्यक्ष बॅटरीचा खर्च, फोनचे तापणे, कॅमेऱ्याचा दर्जा आणि उत्पादकांनी प्रणालीत केलेले बदल येथे पारखता येत नाहीत. संगणकावरील वेगावरून स्वस्त फोनवरील वेगाचे अनुमान काढणेही चुकीचे ठरते.

समारोप :
आभासी साधन हे प्रत्यक्ष फोनला पर्याय नसून पूर्वतयारी आहे. प्रकल्पाच्या मूल्यमापनात कोणत्या आवृत्तींवर चाचणी केली, कोठे अपयश आले व ते कसे दूर केले, याची नोंद मागावी. तसेच अंतिम चाचणी एका तरी साध्या, जुन्या फोनवर व्हावी. असे झाल्यास चाचणी ही औपचारिकता न राहता अध्ययनाचा भाग बनेल.